निकालाच्या यादीबाहेरचे तुम्ही : स्पर्धा परीक्षा देताना स्वप्रतिमा कशी तपासावी, कशी सावरावी

पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की पुण्यात सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत एक गोष्ट हमखास दिसते. कट-ऑफ दोन-तीन गुणांनी हुकलेल्यांपैकी काही जण दुसऱ्याच दिवशी आपल्या जागेवर येऊन बसतात, काही जण महिनाभर फिरकत नाहीत. गुण जवळपास सारखे असतात, बऱ्याचदा तयारीही सारखीच. एकाच्या लेखी त्या आकड्याचा अर्थ ‘यंदा अर्थशास्त्र कमी पडलं’ एवढाच असतो. दुसऱ्याच्या लेखी तो आकडा म्हणजे तो स्वतः असतो.

मी कोण आहे, मला काय जमतं, मी कोणाचा कोण लागतो, माझी किंमत काय, याबद्दल प्रत्येकाच्या मनात एक चित्र असतं. मानसशास्त्रात त्याला स्वसंकल्पना म्हणतात. आपण रोजच्या बोलण्यातला ‘स्वप्रतिमा’ हा शब्द वापरू. हे चित्र मनात नुसतं टांगलेलं नसतं. सकाळी उठायचं की नाही, टेस्ट सिरीजचा पेपर द्यायचा की टाळायचा, चुलतबहिणीच्या लग्नाला जायचं की आजारी असल्याचं सांगायचं, हे सगळं तेच ठरवतं. म्हणून हा लेख अभ्यासाच्या वेळापत्रकाबद्दल नाही. तयारीच्या वर्षांत हे चित्र आक्रसत जातं, ते कसं ओळखायचं आणि त्यावर काय करायचं, याबद्दल आहे.

आधी आकडे समोर ठेवू. यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, सुमारे ५ लाख ९२ हजार जणांनी पूर्वपरीक्षा दिली आणि शेवटी १०१६ जणांची शिफारस झाली. म्हणजे पेपर देणाऱ्या दर हजारांत दोनही नाहीत. एमपीएससीचे आकडे वेगळे, पण चित्र त्याच धाटणीचं. या परीक्षेत नाव न येणं हा नेहमीचा निकाल आहे आणि येणं हा अपवाद. हे प्रत्येक उमेदवाराला पाठ असतं, तरी यादीत नाव दिसलं नाही की आपल्यात काहीतरी मुळातच खोट आहे असं वाटतं. असं का होतं?

अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० मध्ये याचं उत्तर एका साध्या भागाकारात मांडलं होतं : आपण स्वतःला किती मानतो, हे आपलं यश भागिले आपण धरलेली अपेक्षा यावर ठरतं. त्याने स्वतःचंच उदाहरण दिलं. मानसशास्त्र हे आपलं सर्वस्व मानल्यामुळे दुसऱ्याला त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं हे दिसलं की तो खजील व्हायचा; ग्रीक भाषेतल्या अज्ञानाचं मात्र त्याला काहीच वाटायचं नाही, कारण तिथे त्याने स्वतःला पणाला लावलंच नव्हतं. जिथे स्वतःला पणाला लावलं, तिथलीच हार जिव्हारी लागते.

मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच जवळून पाहिलं. पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान त्यांनी आठवड्यातून दोनदा आणि होकार किंवा नकार आला त्या दिवशी मोजला. ज्यांनी आपली किंमत अभ्यासातल्या यशाशी बांधली होती, त्यांचा आत्मसन्मान होकार आला त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त चढला आणि नकाराच्या दिवशी इतरांपेक्षा जास्त कोसळला. आपल्याकडे निकालाच्या दिवशी जे दिसतं, ते हेच.

पायरी पहिली : वीस वाक्यं लिहा

मॅनफ्रेड कून आणि थॉमस मॅकपार्टलँड या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये एक अगदी सोपी चाचणी मांडली. कोऱ्या कागदावर ‘मी कोण आहे?’ या प्रश्नाची वीस उत्तरं लिहायची. साधारण बारा मिनिटं, एकट्याने, फोन बाजूला ठेवून. सुचतील त्या क्रमाने लिहायचं, चांगलं दिसावं म्हणून नाही.

पहिली सात-आठ वाक्यं भराभर येतात, मग हात अडखळतो. तिथे थांबू नका, पुढची बाराच जास्त बोलकी असतात. उदाहरणासाठी लातूर जिल्ह्यातून आलेला, तिसरा प्रयत्न देणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा कल्पा. त्याचा कागद साधारण असा असेल : मी एमपीएससीचा विद्यार्थी आहे. मी दोनदा मुख्य परीक्षा दिली आहे. माझं इंग्रजी कच्चं आहे. मी घरावर बोजा आहे. मी राज्यशास्त्रात चांगला आहे. मी भावी अधिकारी आहे. मी मागे पडलेला आहे. मी आप्पांचा मोठा मुलगा आहे...

आता लाल पेन घ्या आणि उद्या ही परीक्षाच बंद झाली तर जी वाक्यं गळून पडतील, त्यांच्यापुढे फुली मारा. ‘मी घरावर बोजा आहे’ यालाही फुली पडते, कारण ते वाक्यही परीक्षेच्याच पोटी जन्मलेलं आहे. वीसपैकी चौदा-पंधरा फुल्या पडल्या, तर तुमचं अख्खं घर एका खांबावर उभं आहे. मग निळ्या पेनने दुसरी खूण करा : कोणती वाक्यं घडलेल्या गोष्टी सांगतात आणि कोणती निवाडा देतात? ‘दोनदा मुख्य परीक्षा दिली’ ही घडलेली गोष्ट आहे. ‘मागे पडलेला आहे’ हा निवाडा आहे; निळी खूण निवाड्यांनाच करा. कागदावर तारीख घाला आणि जपून ठेवा.

पायरी दुसरी : निवाड्यांची उलटतपासणी

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. मराठी माणसाला ती अनोळखी नाही. मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली, आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ती असंख्य घरांपर्यंत नेली. तिचं सूत्र असं : घटनेमुळे थेट कोणी खचत नाही, घटना आणि खचणं यांच्या मध्ये एक विचार असतो, आणि तो बदलता येतो. एलिस यांचा आणखी एक आग्रह होता. माणसाच्या कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका.

कागदावर तीन रकाने आखा : घटना, विचार, परिणाम.

घटना : पूर्वपरीक्षेत सात गुणांनी राहिलो.
विचार : या वेळी निघायलाच पाहिजे होतं. नाही निघालो म्हणजे माझ्यात दमच नाही.
परिणाम : दिवसभर अंथरुणात. फोन बंद. मेसला गेलो नाही, कारण तिथे सगळे निकालाचंच बोलणार.

मधल्या रकान्यात ‘च’ शोधा. ‘निघायलाच पाहिजे’, ‘दमच नाही’. इच्छा हट्टात बदलली की हा ‘च’ येऊन बसतो. आता त्या विचाराला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहूनच काढा; नुसती मनात दिली तर ती निसटतात.

पहिला प्रश्न : याला पुरावा काय? सात गुण कमी पडले, हा सात गुण कमी पडल्याचा पुरावा आहे. दम नसल्याचा नाही. दम नसलेल्या माणसाने दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत मजल मारली नसती.

दुसरा प्रश्न : एकातून दुसरं निघतं का? एका दिवशी, एका पेपरात आलेल्या गुणांवरून माणसाची संपूर्ण किंमत काढता येईल का? शेजारच्या कॉटवरचा मित्र याच गुणांनी राहिला असता तर त्याला ‘तुझ्यात दमच नाही’ असं तुम्ही म्हणाला असता का?

तिसरा प्रश्न : हा विचार धरून ठेवल्याने माझं काही भलं होतं का? उद्या सकाळी मी अभ्यासिकेत जाईन की पुन्हा अंथरुणात पडून राहीन?

मग नवा विचार लिहा. तो गोडगोड नको, खरा हवा : ‘निवड व्हावी असं मला फार वाटत होतं. झाली नाही. वाईट वाटतंय, काही दिवस वाटत राहणार. पेपरमधली कामगिरी सात गुणांनी कमी पडली. ती कुठे कमी पडली, ते बघता येईल.’ या पद्धतीत दुःखाला पूर्ण मोकळीक आहे. तीन-चार वर्षं दिलेल्या गोष्टीचं वाईट वाटणारच, ते वाटू द्या. मोडायची आहे ती ‘मी फुकट गेलेला माणूस आहे’ ही समजूत. दुःखात माणूस रडतो, मित्राशी बोलतो आणि पुन्हा उभा राहतो. त्या समजुतीत मात्र तो दार लावून घेतो.

एकदा लिहून हे जमत नाही. निकालानंतरच्या पंधरवड्यात रोज एक निवाडा घ्या आणि त्याची अशी उलटतपासणी करा. पहिल्या पायरीत निळी खूण केलेली वाक्यं त्यासाठी तयारच आहेत.

पायरी तिसरी : भिंतीवरच्या घोषणा उतरवा

‘मी अधिकारी होणारच’, ‘माझ्यासारखा मीच’ अशा चिठ्ठ्या कितीतरी खोल्यांत आरशावर चिकटवलेल्या असतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वुड यांनी २००९ मध्ये अशा वाक्यांचा परिणाम तपासला. ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ असं पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हटल्यावर, ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा कमी होता त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. ज्याला गरज जास्त, त्यालाच हे औषध बाधतं. मन लगेच विचारतं, ‘खरंच का?’ आणि मग विरोधातले सगळे पुरावे बाहेर काढतं.

त्याऐवजी आरशावर घडलेली एखादी गोष्ट लावा. ‘या आठवड्यात इतिहासाच्या दोन जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या.’ ‘काल रूममेटला ताप होता, त्याला दवाखान्यात नेऊन आणलं.’ मन यांच्याशी वाद घालू शकत नाही.

याच्या मागे डॅरिल बेम यांचं १९६७ पासूनचं एक निरीक्षण आहे : आपण कसे आहोत हे आपण बऱ्याचदा आपल्या वागण्याकडे पाहूनच ठरवतो, जसं दुसऱ्याला ओळखतो तसंच. म्हणून ‘आत्मविश्वास आला की टेस्ट देईन’ हा क्रम उलटा आहे. टेस्ट देणारा माणूस दिसला, की मन त्याची नोंद घेतं. ‘तयारी पूर्ण झाली की देतो’ असं म्हणत सहा महिने टेस्ट सिरीज टाळणारे आळशी नसतात. गुण कळले की आपण कोण ते कळेल, या भीतीने ते टाळतात. तुमचं असं होत असेल, तर या आठवड्यात एक पेपर अर्धवट तयारीनिशी द्या आणि वर लिहा : ‘आज काय येतं हे बघण्यासाठी.’

पायरी चौथी : तुलनेचा मापदंड बदला

तालुक्यात पहिली आलेली मुलगी पुण्यात येते आणि सहा महिन्यांत तिला वाटू लागतं की आपल्याला काहीच येत नाही. तिची बुद्धी कमी झालेली नसते, आजूबाजूची माणसं बदललेली असतात. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून हे दाखवून दिलं आहे, आणि पुढे अनेक देशांत तेच दिसलं : सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर जास्त हुशार मुलांच्या शाळेत गेलेल्या मुलाचं अभ्यासाबद्दलचं स्वतःविषयीचं मत खाली येतं. अभ्यासिकेचं गणित असंच चालतं. तिथे बसलेला जवळपास प्रत्येक जण कुठल्यातरी गावातून निवडून आलेला असतो.

उपाय रुक्ष आहे, पण चालतो. टेस्टच्या गुणांची वही ठेवा आणि प्रत्येक आकड्याची तुलना फक्त त्याच विषयातल्या तुमच्याच दोन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी करा. टेलिग्रामवरचे ‘किती आले?’ विचारणारे ग्रुप निकालापुरते म्यूट करा.

पायरी पाचवी : दुसरा खांब उभा करा

पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८५ आणि १९८७ मधल्या अभ्यासांत असं मांडलं की ज्यांची स्वप्रतिमा अनेक आणि एकमेकांपासून वेगळ्या भूमिकांनी बनलेली असते, त्यांना एका ठिकाणचा फटका तुलनेने कमी हलवतो. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा परिणाम तितकाच ठळक दिसला नाही, आणि त्याचं एक कारण व्यवहारातही दिसतं : नुसत्या भूमिका वाढवून भागत नाही, त्या तुमच्या हातातल्या असाव्या लागतात. लादलेल्या दहा जबाबदाऱ्या आधार देत नाहीत, दमवतात.

म्हणून एक किंवा दोनच भूमिका निवडा. तीन अटी ठेवा. तिचा परीक्षेशी संबंध नसावा. चालू घडामोडींचा ग्रुप चालवणं हा परीक्षेचाच भाग झाला. तिच्यात दुसरा जिवंत माणूस असावा. आणि ती आठवड्याला तीन-चार तासांत बसावी. संध्याकाळी पर्वतीवर चढणाऱ्या ओळखीच्या चौघांबरोबर जाणं, रविवारी कबड्डी, मेसच्या काकूंच्या मुलीला आठवीचं गणित शिकवणं, भजनात तबल्याला बसणं. ज्याला गावाकडे शेत आहे, त्याने पेरणीला चार दिवस जाऊन खरंच काम करावं. ‘तू अभ्यास कर, इथलं आम्ही बघतो’ हे घरचे प्रेमाने म्हणतात, पण त्यातून मुलाच्या हातचं शेवटचं कामही सुटतं.

‘वेळ वाया जाईल’ ही भीती खरी आहे. पण निकालानंतर अंथरुणात गेलेले आठवडे मोजून बघा, आठवड्याचे चार तास त्यापुढे काहीच नाहीत.

पायरी सहावी : उद्याची तीन चित्रं, प्रत्येकाची वाट

हेझल मार्कस आणि पॉला न्यूरियस यांनी १९८६ मध्ये ‘संभाव्य स्व’ ही कल्पना मांडली : आपण पुढे काय होऊ शकतो, काय व्हावंसं वाटतं आणि काय होण्याची भीती वाटते, ही चित्रंही आजच्या वागण्याला दिशा देतात. डॅफ्ना ऑयझरमन यांनी डेट्रॉइटच्या शाळकरी मुलांबरोबर केलेल्या कामातून त्यात एक मोलाची भर पडली. नुसतं स्वप्न उपयोगी पडत नाही. त्याच्याशी जोडलेली वाट डोळ्यांपुढे असली की वागणं बदलतं.

तीन पानं घ्या. पहिल्यावर हवं असलेलं चित्र, दुसऱ्यावर भीतीचं चित्र. तिसऱ्यावर, परीक्षा न निघताही मान ताठ ठेवून जगता येईल असं चित्र. हे तिसरं पान बहुतेक जण कोरं ठेवतात; ते लिहिलं तर जिद्द कमी होईल असं त्यांना वाटतं. मला हे पटत नाही. मागे वाट नाही म्हणून लढणारा माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या डोक्याला वस्तुनिष्ठ प्रश्नांतले चार पर्याय नीट दिसत नाहीत.

तिसऱ्या पानावर ‘काहीतरी खासगी नोकरी’ असं लिहू नका. कोणती, कोणत्या शहरात, त्यासाठी काय शिकावं लागेल, किती महिने, किती पैसे, कोणाला फोन करायचा, हे लिहा. खुल्या गटासाठी राज्यसेवेची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. इतकी लांब दोरी सोयीची वाटते, पण तिच्यामुळे थांबायचं कधी हे कोणीच ठरवत नाही. ते तुम्ही ठरवा, आणि निकालाच्या आठवड्यात नाही, शांत असताना.

मध्येच थांबायची वेळ

वरचं सगळं रोजच्या खचण्यासाठी आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, रस सगळं गेलं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकावं असे विचार येत असतील, तर वह्या बाजूला ठेवा आणि आजच माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे : क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. रूममेट गप्प झाला असेल, तर ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना मोकळं होता येतं.

पायरी सातवी : घरच्यांशी बोलणं

तुम्ही तुमचं चित्र बदललं तरी घरच्यांच्या मनात जुनंच असतं. गावात कोणी ‘साहेब’ म्हणून हाक मारतं, सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांना ‘हा आमचा भावी तहसीलदार’ अशी ओळख करून दिली जाते. कौतुकच असतं ते, पण मूल त्या एका शब्दात कोंडलं जातं.

निकालाच्या दिवशीचा फोन टाळू नका, तो आधीच तयार ठेवा. साधारण असा :

‘काय रे, यादी लागली म्हणे. पाटलांच्या पोराचं नाव आलंय.’

‘हो आप्पा, लागली. माझं नाव नाही. सात मार्कांनी राहिलं. वाईट वाटतंय, पण मी जेवलोय, ठीक आहे. रविवारी घरी येतो, मग बसून बोलू. आईला मीच सांगतो, तिला फोन द्या.’

पाच-सहा छोटी वाक्यं आहेत. त्यांत खबर आहे, मनाची अवस्था आहे आणि पुढचा दिवस ठरलेला आहे. सारवासारव नाही, माफी नाही.

आईवडिलांना एकच विनंती. पुढच्या फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा नको. मेसचं जेवण, खोलीतला मित्र, गुडघ्याचं दुखणं, काहीही विचारा. आणि घरच्या अडचणी त्याच्यापासून लपवू नका. विहिरीची मोटर जळाली तर त्याचाही सल्ला घ्या. तो अजून या घरातला एक कर्ता माणूस आहे, हे त्याला सांगून पटणार नाही, विचारून पटेल.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ‘यंदा झालं तर झालं, नाहीतर लग्न’ अशी मुदत त्यांना बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी घालून देतं. मग प्रत्येक पेपर परीक्षेचा न राहता सुटकेचा होतो आणि त्या ओझ्याखाली तो बिघडतो. मुदत हवीच असेल तर ती तिने ठरवावी, आणि लग्नाची बोलणी निकालाशी बांधू नयेत. हे बापाने किंवा भावाने घरात मोठ्याने म्हणायला हवं, तिच्या एकटीच्या म्हणण्याने पुष्कळ घरांत भागत नाही.

रविवारी घरी गेल्यावर जेवण झालं की कागद घेऊन बसा. आणखी किती प्रयत्न, महिन्याला किती पैसे, ते कुठून येणार, तिसऱ्या पानावरच्या वाटेचं काम कोणत्या महिन्यात सुरू करायचं, पाहुण्यांनी विचारलं तर घरातल्या सगळ्यांनी काय सांगायचं, एवढं लिहून काढा. खाली तारीख घाला, फोटो काढून आप्पांच्या आणि तुमच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पुढचा निकाल लागेल तेव्हा चर्चा त्या कागदावरूनच सुरू करायची, आणि त्यात बदल करायचा झाला तर पुन्हा सगळ्यांनी एकत्र बसून.